उजवा दिवा पिवळा का पडतो? जुन्या गाडीच्या हेडलाइटचा दोष घरी कसा शोधावा

आंबा घाट उतरून साखरप्याला आलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पाऊस असा की वायपर चालू असून नसल्यासारखे. त्यात उजवा हेडलाइट हळूहळू पिवळा पडत गेला, तेल संपत आलेल्या समईसारखा. डाव्याच्या भरवशावर पाली, हातखंबा, निवळी करत कसंबसं मालगुंड गाठलं.

दुसऱ्या दिवशी नवा बल्ब घातला. फरक शून्य. वायरमन आला, त्याने आणखी एक बल्ब बदलला. मग डायनामो उतरवून त्याचे कार्बन बदलले. मग मेन स्विचवर संशय घेतला. चार दिवस आणि बऱ्यापैकी पैसे गेल्यावर दोष सापडला तो उजव्या दिव्यामागच्या एका बोल्टखाली, वाटाण्याएवढ्या जागेत. मल्टिमीटर घेऊन नीट बसलो असतो तर अर्ध्या तासाचं काम होतं. ते अर्ध्या तासाचं काम कसं करायचं, एवढंच इथे सांगतो. माझी गाडी १९९४ची पद्मिनी, तिला एच-४ बल्बचे (एकाच बल्बमध्ये डीपर आणि अप्पर अशा दोन फिलामेंट) दिवे बसवलेले आहेत. पण पद्धत कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडते.

किनाऱ्यावर बल्ब मरतात कमी, सांधे कुजतात जास्त. खारी हवा, मिरगापासून पुढे चार महिने ओल, आणि जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर गाडी चढवली की पुढच्या जाळीतून आत जाणारे खाऱ्या पाण्याचे शिंतोडे. देवघरातल्या पितळेच्या भांड्यांवर जो हिरवा कळंक चढतो, तोच तांब्याच्या तारेवर आणि पितळी पिनांवर चढतो. भांडं निदान आठवड्याला घासलं जातं. हेडलाइटच्या मागचा कपलर, म्हणजे तारांचा प्लास्टिकचा जोड, तीस वर्षांत कोणी उघडलेला नसतो.

आधी नुसतं बघा

संध्याकाळी गाडी पडवीच्या किंवा गडग्याच्या समोर उभी करा, स्विचवर घरातल्या एकाला बसवा आणि डीपर-अप्पर (खालचा आणि वरचा झोत) आळीपाळीने लावायला सांगा. हत्यार हातात घेण्याआधी लक्षणं लिहून काढा, कारण अर्धं निदान तिथेच होतं.

एकाच बाजूचा दिवा बंद किंवा मंद असेल तर दोष त्या बाजूच्या बल्ब, होल्डर, फ्यूज किंवा अर्थिंगमध्ये (करंटला बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत). दोन्ही बाजू सारख्याच मंद असतील तर बॅटरी, चार्जिंग किंवा दोघांच्या सामाईक तारेकडे वळा. दोन्ही डीपर बंद आणि अप्पर ठणठणीत, असं असेल तर डीपर स्विच किंवा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). पण आधी दोन्ही बल्ब काढून बघाच. एका बाजूचा डीपर गेलेला असताना मालक सहा महिने तसाच फिरतो, मग दुसराही जातो आणि मालक म्हणतो, "दोन्ही एकदम गेले." असं माझ्या ओळखीत तरी तिघांचं झालंय.

एक लक्षण मात्र नीट ओळखून ठेवा. डीपर लावलाय, एका बाजूचा दिवा लालसर मंद, आणि डॅशबोर्डवर अप्परचा निळा दिवा किंचित मिणमिणतोय. हे भुताटकीसारखं दिसतं, पण कारण साधं आहे. त्या दिव्याची अर्थ तुटली आहे. डीपरच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला घरी परतायची वाट नाही, म्हणून तो त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, अप्परच्या तारेतून पलीकडच्या दिव्यापर्यंत जातो आणि तिथल्या अर्थने उतरतो. वाटेत निळा दिवाही त्यातलंच थोडं खातो. हे दिसलं की बल्ब विकत घ्यायला जाऊ नका, थेट अर्थिंगचा बोल्ट शोधा.

लागणारं सामान

साधा डिजिटल मल्टिमीटर. दोन्ही टोकांना चिमटे लावलेली तीन-चार मीटर वायर, म्हणजे मीटरचा हात बॅटरीपर्यंत पोचेल. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला होल्डर आणि दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्प. पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, पाने, थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) आणि ते दाबायची पक्कड. टेस्टर म्हणून मिळणारा बारीक दिव्याचा स्क्रू-ड्रायव्हर इथे उपयोगाचा नाही. का ते पुढे येईल.

हॅलोजन बल्ब नुकताच बंद केला असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा, भाजतो. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहिलं की ती जागा जास्त तापते आणि बल्बचं आयुष्य घटतं. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा. तारा कापायच्या किंवा जोडायच्या वेळी बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा.

बॅटरी, बल्ब, फ्यूज

इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. १२.२ म्हणजे साधारण अर्धी उतरलेली. इंजिन जरा वरच्या रेसवर आणि हेडलाइट चालू असताना १३.८ ते १४.४ यावेत. तेरा-सव्वातेराच्या वर जात नसेल तर दुखणं डायनामोकडे आहे (म्हणजे अल्टरनेटर, आपल्याकडे अजून सगळे डायनामोच म्हणतात). तो वेगळा विषय. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, घट्ट करा, मगच पुढे जा.

मग बल्ब. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. दोष बल्बबरोबर गेला तर बल्ब खराब; जागेवरच राहिला तर बल्ब निर्दोष. या तपासणीला पैसा लागत नाही, आणि माझ्या बाबतीत नेमकी हीच कोणी केली नाही. बल्ब काढलाच आहे तर होल्डरचं प्लास्टिक बघा. एखादी पिन तपकिरी पडलेली किंवा आजूबाजूचं प्लास्टिक वितळलेलं असेल तर तो सांधा ढिला होता आणि तापत होता. असला होल्डर साफ करत बसू नका, बदला. सबंध दिवाच सीलबंद असलेल्या सील्ड बीमच्या गाडीत बल्ब वेगळा निघत नाही, तिथे अख्खा दिवा अदलाबदल करावा लागतो.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून बल्ब 'चांगला' ठरवायच्या फंदात पडू नका. पंचावन्न वॅटची थंड फिलामेंट अर्ध्या ओहमहूनही कमी दाखवते, आणि स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरीच तेवढं खातात. तुटली की नाही एवढंच त्यातून कळेल.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून सोडू नका, काढून बघा. वरून शाबूत दिसणाऱ्या फ्यूजच्या पायांवर हिरवा थर असतो, किंवा त्याला धरणारी पट्टी सैल झालेली असते. दिवे चालू ठेवून फ्यूजच्या दोन टोकांना मीटर लावा. आकडा शून्याजवळ हवा. दशांश एक व्होल्टच्या वर गेला तर फ्यूजच्या जागेवरच करंट अडतोय. आणि सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळलेला फ्यूज दिसला तर आधीच्या मालकाला मनातल्या मनात नमस्कार करून तो फेकून द्या. तो फ्यूज नव्हे, आगपेटी आहे.

खरी तपासणी : दिवा चालू ठेवून मोजायचं

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण होल्डर बल्बमधून काढतात, पिनांना मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि म्हणतात, "करंट येतोय, वायरिंग ठीक आहे." इथेच चार दिवस वाया जातात.

पोफळीच्या बागेतला पाट डोळ्यांसमोर आणा. शेवटच्या आळ्याचं तोंड बंद केलं आणि पाणी उभं राहिलं की पाटाच्या दोन्ही टोकांना पातळी सारखीच दिसते, मध्ये कचरा अडकलेला असला तरी. तोंड उघडून पाणी वाहायला लागलं की मगच कळतं की अलीकडे तुंबलंय आणि पलीकडे करंगळीएवढी धार जातेय. विजेचंही तसंच. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे कुजलेल्या तारेचा एक तंतू शिल्लक असला तरी मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. बारीक दिव्याच्या टेस्टरची अडचणही हीच. पंचावन्न वॅटचा दिवा साडेचार अँपियरहून जास्त ओढतो. तेवढा करंट वाहत असतानाच मोजायला हवं.

म्हणून बल्ब जागेवर, होल्डर लावलेला, डीपर चालू, इंजिन बंद. होल्डरच्या मागच्या बाजूने, जिथे तार आत शिरते तिथून, मीटरची टोकदार पिन आत सारून धातूला टेकवा. तारेच्या रबराला भोकं पाडू नका. इथल्या हवेत त्या भोकातून वर्षभरात कळंक आत जातो.

माझ्या गाडीचे आकडे सांगतो, म्हणजे हिशोब कसा करायचा ते कळेल.

दिवे चालू असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर १२.३ व्होल्ट. उजव्या बल्बच्या दोन पिनांवर १०.८. म्हणजे दीड व्होल्ट वाटेत गडप. दीड व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो, पण फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने पडतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की प्रकाश साधारण तीस टक्के घटतो. माझा उजवा दिवा एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश गमावून बसला होता, आणि उरलेलाही पिवळट.

आता हा दीड व्होल्ट जाण्याच्या वाटेवर गेला की परतीच्या? मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर (लांब वायर इथे कामी येते), काळी पिन बल्बच्या डीपरच्या पिनवर. आकडा आला ०.४. मग लाल पिन बल्बच्या अर्थच्या पिनवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर. आला १.१. बेरीज दीड. हिशोब जुळला आणि चोर पकडला गेला. तोही परतीच्या वाटेवर, जिथे चार दिवसांत कोणी बघितलंच नव्हतं.

पॉझिटिव्ह बाजूला सगळं मिळून अर्ध्या व्होल्टपर्यंत पडझड चालवून घ्यावी. रिले नसलेल्या जुन्या गाडीत थोडं जास्तही दिसतं. अर्थच्या बाजूला ०.२ च्या वर काही दिसलं तर पाना उचला.

बेरीज जुळली नाही तर मीटरची पिन कुठेतरी नीट टेकलेली नाही. परत मोजा.

अर्थिंगचा बोल्ट

दिव्यामागून निघालेली काळी तार (रंग गाडीप्रमाणे बदलतो, तारेमागे जा) बहुधा हाताच्या अंतरावर बॉडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते. माझ्याकडे तो बोल्ट दिसतच नव्हता. त्यावर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, आणि माती पावसाळाभर ओल धरून बसली होती. थिंबल उचललं तर खाली हिरवा-तांबडा चुरा. तेवढ्या जागेत पाच वॅट नुसते उष्णता होऊन जळत होते. दिवे दहा मिनिटं लावून त्या बोल्टला हात लावला असता तरी कळलं असतं.

दुरुस्ती अशी. बोल्ट पूर्ण काढा. पत्रा रंग आणि गंज जाईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, चकचकीत धातू दिसला पाहिजे. थिंबल कुजलं असेल तर कापून नवं दाबा. दात असलेला वॉशर घाला, घट्ट आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली थापा. आधी जेली आणि मग बोल्ट असं नको. धातूला धातू आधी भिडू दे. आई तांब्याची भांडी आमसुलाने लखलखीत करते म्हणून कनेक्शनला आमसूल किंवा चिंच लावायचा मोह काही जणांना होतो. तसं करू नका, आम्ल तारेत शिरून राहतं आणि आतून खातं.

पत्राच चाळण झाला असेल, जे किनाऱ्यावरच्या गाडीत नवल नाही, तर बॉडीचा नाद सोडा. अडीच चौरस मिलिमीटरची नवी काळी तार दोन्ही दिव्यांच्या अर्थपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ओढा. माझ्या मते खारी हवा लागणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीला ही तार आधीच घालून ठेवावी.

दुरुस्तीनंतर अर्थच्या बाजूचा आकडा १.१ वरून ०.०५ वर आला, बल्बवर जवळजवळ ११.९. बल्ब तोच.

दोष पॉझिटिव्ह बाजूला निघाला तर

लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवरच ठेवा आणि काळी पिन वाटेतल्या एकेका सांध्यावर न्या: फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, मेन स्विचच्या आत जाणारी तार, बाहेर येणारी, डीपर स्विच, पुढचा कपलर, होल्डर. आकडा वाढत जाईल. ज्या दोन जागांच्या मध्ये तो एकदम उडी मारतो, दोष त्या दोघांत. स्विचमध्येच उडी असेल आणि स्विच हाताला गरम लागत असेल, तर आतल्या पॉइंटना कार्बन धरलाय.

कपलर उघडताना पिनांकडे बघा. हिरवळ असेल तर टूथब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे. तार पिनपाशी कापून बघा. तांबं काळं असेल तर कळंक रबराच्या आत चढत गेलाय. तांबूस, चमकदार तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. कधी वीत-वीत कापावं लागतं. मग नवा तुकडा जोडून दाबा, वर आतून डिंक असलेली, तापवली की आवळून बसणारी हीट-श्रिंक नळी चढवा. तारा पिळून चिकटपट्टी गुंडाळणं हे इकडे औषध नव्हे, रोग आहे. पट्टीच्या आत पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही. जोडलेली तार कपलरच्या खाली थोडी झोळ देऊन बसवा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, कपलरमध्ये जाणार नाही.

सुझुकी घराण्याच्या काही जुन्या गाड्यांत गणित उलटं असतं. बल्बच्या सामाईक पिनला पॉझिटिव्ह आधीच असतो आणि स्विच अर्थच्या बाजूला बसवलेला असतो. मीटरला दोन पिनांवर नको तिथे १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस गोंधळतो. मोजण्याची रीत तीच. फक्त स्विच आणि डीपर परतीच्या वाटेवर शोधायचे.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर

हा शॉर्ट. दोन्ही हेडलाइटचे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी आपला २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडा, स्विच लावा. लॅम्प पेटला तर तार कुठेतरी पत्र्याला चिकटलीय. आता वायरिंगचा जुडगा पुढून मागे हलवत, वाकवत चला. ज्या जागी हलवल्यावर लॅम्प विझतो किंवा फडफडतो, तिथे उघडा. संशयित दोन: पत्र्याच्या कडेवरून तार जाते ती जागा, आणि उंदीर. आमच्याकडे गाडी खळ्याच्या कडेला उभी असते. एका सप्टेंबरात बॉनेट उघडलं तर बॅटरीमागे सोडणाच्या काथ्याचं घरटं आणि शेजारी तीन तारांची सालं सोललेली.

बल्ब 'मोठा' घालण्याआधी

मंद दिव्यावर दुकानदाराचा ठरलेला उपाय म्हणजे ६०/५५च्या (अप्पर/डीपरचे वॅट) जागी १००/९०चा बल्ब. दोन्ही अप्पर मिळून दहा अँपियर घेणाऱ्या तारा आणि स्विच यांच्यातून सोळा-सतरा अँपियर जायला लागतात. आधीच कुजलेल्या सांध्यात पडझड आणखी वाढते, होल्डर वितळतो, आणि समोरून येणारा शिव्या देतो तो वेगळाच. एलईडीचं उलटं आहे: तो कमी करंट ओढतो म्हणून सांध्यातला दोष झाकला जातो, पण हॅलोजनसाठी केलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा झोत बहुधा नीट बसत नाही. घाटातल्या धुक्यात तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते.

प्रकाश खरंच वाढवायचा असेल तर रिले बसवा. डीपरला एक, अप्परला एक. ३० नंबरच्या पिनला बॅटरीपासून थेट अडीच चौरस मिलिमीटरची तार, बॅटरीजवळच १५ अँपियरचा फ्यूज, ८७ वरून दिव्यांना, दिव्याची जुनी तार ८६ ला, ८५ अर्थला. मग जुन्या स्विचला फक्त रिलेची कॉइल ओढायची असते आणि दिव्यांना बॅटरीचं जवळजवळ सगळं व्होल्टेज मिळतं. रिले पिना खाली करून बसवा, पाणी आत साचत नाही.

एवढं करून बल्बवर बारा व्होल्टच्या आसपास मिळतायत आणि तरी दिवा मरगळलेलाच, असं असेल तर मीटर ठेवून द्या आणि काचेतून आत बघा. रिफ्लेक्टरची चांदी उडून राखाडी डाग पडलेले दिसतील. त्याला वायरिंगचा इलाज नाही, दिवाच बदलावा लागतो. बदलण्याआधी डीपरच्या झोताची वरची कड भिंतीवर खडूने आखून ठेवा, नवा दिवा त्याच रेघेवर आणता येतो. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला दिवे बघतात, तेव्हा ती रेघ उपयोगी पडते.

माझ्या बॉनेटच्या आत एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलाय. त्यावर तारीख आणि चार आकडे: डावा-उजवा, पॉझिटिव्ह-अर्थ. एकदा मिरगाआधी मोजतो, एकदा चाकरमानी गणपतीला यायच्या आठवडाभर आधी. गेल्या खेपेला डाव्या दिव्याची अर्थ ०.०५ वरून ०.१५ झाली होती. दिवा अजून पांढराच होता. बोल्ट काढून घासला आणि परत आवळला.